सिंधूआत्यांनी ठेवलेली नावे

सोमवार, १४ जून १९७६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. चिंचवडमधील एका शाळेत आमच्या शेजारीण सिंधूआत्या हेडमास्तरांच्या टेबलावर औषधाच्या बाटलीचे एक कोरे उरलेले लेबल ठेवून, त्यावर स्वतः लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवत होत्या.

"मुलीचं नाव प्रवाळिका. मूळ, समुद्राखालचं राज्य. अर्थ, जिच्या श्वासातून पोवळी उमलतात ती. लेबलावर आहे तेच रजिस्टरात आलं पाहिजे."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "बाई, समुद्राखालचं राज्य कुठल्या तालुक्यात येतं?"

मुलगी आत्यांची नव्हती, नात्यातलीही नव्हती. तिचे वडील महादू हे आमच्याच चाळीत राहणारे, लेथवर काम करणारे साताऱ्याकडचे गृहस्थ. ते मुलीसह शेजारी टोपी चुरगाळत उभे होते. मला आत्यांनी साक्षीदार म्हणून आणले होते. "शिकलेलं माणूस बरोबर असलं की मास्तर लोक जरा नीट ऐकतात," असे त्यांचे मत होते.

आम्ही दोघी एकाच औषधांच्या कारखान्यात होतो. मी प्रयोगशाळेत, त्या पॅकिंगमध्ये. यजमानांच्या पश्चात त्यांना ही नोकरी मिळाली होती. बाटल्यांची लेबले तपासणे हे त्यांचे काम, आणि "लेबलाशिवाय बाटली हलायची नाही" हे त्यांचे ब्रीद. हे ब्रीद त्यांनी मनुष्यजातीलाही लावले होते.

आमच्या चाळीतील बहुतेक कुटुंबे बाहेरगावची. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. मुलगा झाला की सख्खी आत्या रात्रीच्या एस.टी.ने उभ्याने प्रवास करून हजर होत असे. मुलगी झाली की तिला बहुधा रजा मिळत नसे, शेतातले काम निघे किंवा पत्रच उशिरा पोहोचे. अशा वेळी सिंधूआत्यांना बोलावणे जाई. बाराव्या दिवशी त्या पाळण्यावर वाकत, जमलेल्या बायका रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घालत, आणि त्या धपाट्यांच्या माऱ्यात त्या बाळाच्या कानात नाव सांगत. मोबदला म्हणजे एक खण, एक नारळ आणि ओंजळभर घुगऱ्या.

अडचण एकच होती. नाव त्या स्वतः ठरवत, आणि ते स्टेशनजवळच्या वाचनालयातून आणलेल्या जादूच्या कादंबऱ्यांतून येई. या कादंबऱ्यांना सहसा शेवटची पाने नसत. त्यामुळे त्यातील राजकन्यांचे पुढे काय झाले हे आत्यांनाही ठाऊक नसे. रजतपर्णा ही झाडाच्या ढोलीत वाढलेली आणि चांदीच्या पानांनी केस बांधणारी. उल्काप्रभा तुटत्या ताऱ्यावर बसून माहेरी येणारी. प्रत्येकीचे मूळ आणि अर्थ लेबलावर लिहून ते पाळण्याला चिकटवले जाई. एकदा उकाड्यामुळे लेबल बाळाच्या दंडालाच चिकटले. आत्या शांतपणे म्हणाल्या, "असू दे. माल तपासलेला आहे."

मी शास्त्राची विद्यार्थिनी. संस्कृत कोश उघडून मी एकदा त्यांना सांगितले, "आत्या, यातली निम्मी नावं कोशात सापडत नाहीत."

"कशी सापडतील, केमिस्टबाई? तो कोश जमिनीवरच्या माणसांनी लिहिलाय."

महादूंच्या आईला 'प्रवाळिका' हे नाव सहा वर्षांत एकदाही म्हणता आले नव्हते. ती नातीला 'पवळे' म्हणे. आत्यांनी त्यालाही मंजुरी दिली होती. "पोवळं ते पोवळंच. औषध तेच, बाटली लहान."

असो. त्या सोमवारी हेडमास्तरांनी पेन उचलून महादूंकडे पाहिले. आत्यांचे हे पहिले नाव. शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेलेही हेच पहिले. ते रजिस्टरात चढते की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

"आत्या, रागावू नगा," महादू म्हणाले. "तुमी आलात म्हनून पोरीचं बारसं झालं, ह्ये मी इसरलो न्हाई. पर शाळंत पोरं हसत्याल तिला. गुरुजी, सुनीता लिवा."

हेडमास्तरांनी सुनीता लिहिले. आत्यांनी लेबलाची घडी घातली, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बापाचा अधिकार आहे. हुशार हो, सुनीता."

परतताना आम्ही रेल्वे फाटकापाशी आलो. सांत्वन करावे म्हणून मी म्हटले, "पुढच्या वेळी सोपं नाव ठेवा. टिकण्याची शक्यता वाढेल."

"मुलीचं नाव टिकतंय कुठे गं? कुणाचं शाळेपर्यंत, कुणाचं लग्नापर्यंत. तुझं अजून आहे, जप त्याला." फाटक बंद होते. मालगाडी संथपणे पुढे सरकत होती. "तळेगावला माझी आई रोज रात्री स्वतः रचून गोष्ट सांगायची. त्यात ज्योतीतून जन्मलेली एक मुलगी होती. ती घरात आली की भांडीकुंडीसुद्धा बोलायला लागायची. दीपकळी. आईनं तेच नाव मला ठेवलं."

"मग सिंधू?"

"सासूबाई म्हणाल्या, दिवा कधीतरी विझतो, नदी बरी. ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं सिंधू लिहिलं. माहेरी मात्र भाऊ मारायचा जुन्या नावानं हाक. तो गेला, आणि मग ते संपलंच."

भाऊ कधी गेले, हे मी विचारले. त्यांनी वर्ष सांगितले, महिना सांगितला. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. प्रवाळिकेचे बारसे त्यानंतर तीन महिन्यांनी झाले होते.

पुढच्या रविवारी सकाळी आत्या ओट्यावर बसून कुणाच्या तरी येणाऱ्या बाळासाठी दुपटे शिवत होत्या. मी आमच्या दारातून हाक मारली, "दीपकळीआत्या!" त्या सुईत दोरा ओवत राहिल्या. पुन्हा हाक मारली. त्यांनी मागे वळून स्वतःच्या रिकाम्या घरात पाहिले, जणू आत कोणी बसले होते आणि हाक त्या व्यक्तीला होती. मी पुन्हा एकदा हाक मारली. दुपटे मांडीवरून घसरले.

"ओ," त्या म्हणाल्या.

प्रयोगाची वही हाताशी होती. त्या दिवशीची नोंद एवढीच आहे : हाका, तीन.