दामूबाबांची न खपलेली थोरली

गिऱ्हाईक गाडी चालवून बघायला येणार म्हटलं की आमच्या शोरूममधले दामूबाब गावस घरून सोलकढी घेऊन येतात. पितळी तांब्यात ती काठोकाठ ओततात, झाकण न लावता तांबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतात आणि गिऱ्हाइकाला घेऊन निघतात. परत आल्यावर मागचं दार उघडायचं, तांब्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "पळयात. थेंब सांडूंक ना." म्हणजे बघा, थेंबही सांडला नाही. मग तीच कढी पेल्यात ओतून गिऱ्हाइकाला द्यायची. कंपनीच्या कुठल्याही प्रशिक्षणात ही रीत शिकवत नाहीत. एक मोठे साहेब दिल्लीहून आले होते, त्यांना ती आवडली नाही. पण कढी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली.

आमचं शोरूम म्हापशाच्या बाहेर, हायवेला लागून. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचं मीठ खाते. मी तिथे इन्शुरन्सच्या टेबलावर बसते. माझं गाव पेडणे, म्हणून दामूबाब मला नावाने हाक न मारता 'पेडणेकारीण' म्हणतात. ते स्वतः डिचोलीजवळच्या सर्वणचे, आणि डिचोलीपलीकडे माणसं राहतात हे त्यांनी अजून मनापासून मानलेलं नाही.

कंपनी लहान गाड्या पुष्कळ काढते. त्या चण्याफुटाण्यांसारख्या खपतात. शिवाय एक लांबलचक, शांत, देखणी, महागडी गाडीही काढते. तिला आम्ही थोरली म्हणतो. धाकट्या एकेक करून उजवल्या जातात आणि थोरली आपली काचेआड बसलेली. दामूबाबांना हे घरचं दुःख वाटतं. रोज सकाळी शोरूमच्या देव्हाऱ्यापुढे तिला नवरा मिळावा म्हणून ते गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, आमच्या थोरलेक एक बरो घोव पळय रे म्हाराजा!" आणि झाडूवालीपासून कॅशियरपर्यंत आम्ही सगळे मागून म्हणतो, "व्हय म्हाराजा!" आमचे मॅनेजर पुण्याचे. पहिले काही दिवस ते दचकायचे. आता तेही पुटपुटतात, पण लॅपटॉपकडे बघत.

थोरली का खपत नाही, यावर मॅनेजरांनी एकदा रंगीत आलेख काढून दाखवले. दामूबाबांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ह्यांत चूक कांय ना. पूण गाडी चडटात ती माणसां, आलेख न्हय." म्हणजे गाडीत चढतात ती माणसं. त्यांचं स्वतःचं निदान सरळ होतं. एवढे पैसे घालणारा माणूस गाडी बसायला घेत नाही, शेजाऱ्याने बघायला घेतो. समोरच्या शोरूममधल्या गाडीच्या नाकावर असा बिल्ला आहे, की तो दुरून दिसला तरी देवळातला भटजी मंत्र जोरात म्हणू लागतो. आमच्या थोरलीच्या नाकावर मात्र तोच बिल्ला, जो टॅक्सीच्या नाकावर. शिवाय ती बुटकी. आता सगळ्यांना उंच गाडी हवी, वरून खाली बघता आलं पाहिजे. आणि थोरलीचा खरा दागिना म्हणजे मागची सीट. गोव्यात मालक स्वतःच गाडी चालवतो, तो मागे बसणार कधी?

"ती सीट न्हय गो, घरचो सोपो," दामूबाब म्हणायचे. "पाय सोडून बसचें, पान खावचें. गाडी पळोवपाची न्हय, बसपाची!"

गाडी बघायची नाही, बसायची, हे त्यांचं ब्रीदवाक्य. गिऱ्हाइकाला पुढे बसवायला ते तयारच नसायचे. "तुमच्या घरांतलें सगळ्यांत म्हातारें माणूस हाडात. तें फाटल्यान बसूंदी. तें हांसलें जाल्यार गाडी घेयात." पन्नाशीचा बिल्डर ऐटीत गाडी बघायला येतो आणि हे त्याला घरी जाऊन आजीला घेऊन यायला सांगतात! निम्मे बिल्डर तिथूनच समोरच्या शोरूमला जात. तिथे कॉफी मिळते आणि आजी लागत नाही.

एकदा मात्र सौदा अगदी ओठांपर्यंत आला होता. साखळी गावचे एक कंत्राटदार, गाडी फार आवडलेली. दामूबाबांनी नाइलाजाने त्यांना स्टिअरिंगवर बसवून मोपाच्या विमानतळापर्यंत नेलं. का, तर तिथला रस्ता नवा आहे आणि तो आपल्या पेडण्यात आहे, हे मी फार वेळा ऐकवलं होतं. विमानतळाबाहेर जरा गाडी थांबवली, तोच मागचं दार उघडून एक पर्यटक जोडपं आत येऊन बसलं. बाई "वाह!" म्हणत टेकल्या, त्यांनी सीटवरचा तांबा उचलला, "वेलकम ड्रिंक! कितना अच्छा!" म्हणत अर्धा रिकामा केला आणि कंत्राटदारांच्या खांद्यावर टिचकी मारून विचारलं, "भैया, कलंगुट का कितना लोगे?"

कंत्राटदार सोन्याच्या साखळीपर्यंत लाल झाले.  पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात समोरच्या शोरूमची उंच गाडी उभी राहिली.

मला वाटलं, दामूबाब खचले असतील. छे! "पेडणेकारीण, तूं आयक. ती बायल बसली आनी पयलो शब्द कितें म्हणाली? 'वाह' म्हणाली! कोणी शिकयलें तिका? सीटीन शिकयलें!" अशा माणसाचं काय करायचं? मॅनेजर चिडत, मी चिडवत असे, आणि तरीही सांगते, आमच्या शोरूमची सारी अब्रू त्या माणसाच्या त्या वेड्या अभिमानावर उभी होती. खोटं बोलून त्यांनी एकही गाडी विकली नाही. आम्ही बाकीचे विकतो. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि अजून वाटतो.

पण अभिमानावर शोरूम चालत नाही. वरून फर्मान आलं, की महिना संपेपर्यंत एक तरी थोरली गेली नाही तर काचेआडची ही गाडी परत न्यायची आणि गोव्यात ती पुन्हा ठेवायची नाही. मॅनेजरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा दामूबाब थोरलीच्या बॉनेटवरून हात फिरवत उभे होते. त्या दिवशी त्यांनी कढीसुद्धा प्यायली नाही.

आणि तेव्हाच कामत आले. म्हापशात त्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान. आई गेल्यापासून वडील गप्प असतात, त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मोठी गाडी घ्यायची होती. दामूबाबांनी 'म्हातारें माणूस हाडात' म्हणायच्या आधीच ते वडिलांना घेऊन आले होते! दामूबाबांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मॅनेजरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही सोबत जा आणि ह्यांना जास्त बोलू देऊ नका. कामतांना बाराला समोरच्या शोरूममध्ये जायचंय. त्याआधी परत या."

निघालो. दामूबाब चालवत होते, शेजारी कामत, मागे मी आणि कामतांचे वडील, आप्पा. आप्पांच्या मांडीवर दामूबाबांनी तांबा ठेवला नाही, एवढी सभ्यता पाळली. कामतांचा फोन सतत वाजत होता. सिमेंट, सळ्या, कुणाला तरी दम. अस्नोडा गेलं, डिचोली गेली. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मध्येच त्यांनी हळूच विचारलं, "ही वाट आमोण्याची मरे?"

"व्हय आप्पा. तुमचो गांव?"

"आवयचो."

आईचं गाव, दामूबाबांनी एवढंच ऐकलं आणि गाडी आमोण्याच्या दिशेला वळवली. मग डावा हात पुढे करून, कामतांना म्हणाले, "फोन दियात." कामतांना वाटलं काहीतरी जोडायचंय, म्हणून दिला. दामूबाबांनी तो बंद केला आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकला. कामत इतके थक्क झाले, की भांडायचंही विसरले.

 मांडवी दिसू लागली, शेतं दिसू लागली. कामत नुसते समोर बघत होते आणि मग काहीतरी आठवून म्हणाले, "आप्पा, हांगा आमी तुमच्या मामाकडेन येताले न्हय?" मागून उत्तर आलं नाही. मी पाहिलं, तर आप्पा झोपले होते. मान सीटवर टेकलेली, तोंड किंचित उघडं, हात मोकळे पडलेले.

"जागे करू नाकात," कामत एकदम हलक्या आवाजात म्हणाले. "रात रात जागे आसतात ते."

मी घड्याळ दाखवलं. अकरा वाजत आले होते. तिथून सरळ परत निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. दामूबाबांनी आरशात आप्पांकडे पाहिलं आणि पूल ओलांडून गाडी पुढे नेली. साखळीच्या बाजूने वळसा, परत नदीकाठ, पुन्हा वळसा. गतिरोधक आला की गाडीचा वेग इतका कमी, की बाजूने चालणारी म्हैस पुढे गेली. माझा फोन मॅनेजरांच्या नावाने थरथरत राहिला. शोरूमला आलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

मॅनेजर बाहेर उन्हात उभे होते. कामतांना फोन परत मिळाला तो चुकलेल्या कॉल्सनी भरलेला. एका मोठ्या ऑर्डरचा घोळ झाला होता. ते तणतणत गेले आणि संध्याकाळी समोरच्या शोरूममध्ये नारळ फुटल्याचा आवाज आम्हाला इथे ऐकू आला. त्यांनी उंच गाडी घेतली होती.

पण गोष्ट इथे संपली नाही. महिना संपायच्या आदल्या दिवशी कामत परत आले. थेट दामूबाबांच्या टेबलाशी. "ती गाडी बायलेक दवरतां. ही आप्पांक घेतां. रोज सांजेचे ड्रायव्हर तांकां भोंवडायता, पूण धा मिन्टांनी म्हणटात, परत व्हर. न्हिदनात. सारके त्या दिसाची याद काडटात. कागद करात." उंच गाडी बायकोला, थोरली आप्पांना; उंच गाडीत ते एकदाही झोपले नव्हते.

मॅनेजरांच्या चेहऱ्यावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. मी इन्शुरन्सचे कागद पुढे ओढले. कॅशियर उठून देव्हाऱ्याकडे गेला. एका सहीचं काम होतं. थोरली वाचली असती, आणि दामूबाबांचा इतक्या वर्षांचा शब्द खरा ठरला असता: मागे म्हातारं माणूस बसवा, तेच गाडी निवडेल.

दामूबाबांनी पेन उचललं. मग टोपण लावून ते परत खाली ठेवलं.

"गाडी घेवं नाकात, कामतबाब."

"कित्याक?"

"तुमची आसा ती पुरो. त्या दिसा फुडें कोण बसलेलो? तुमी. फोन खंय आशिल्लो? म्हज्या बोल्सांत." त्यांनी शर्टाच्या खिशावर थोपटलं. "आप्पा थोरलेखातीर न्हिदूंक नात. तुमचेखातीर न्हिदले. ड्रायव्हर नाका, तुमी व्हरात. फोन घरा दवरात."

 कामत उठले, दामूबाबांचा हात हातात घेऊन दाबला आणि निघून गेले. मॅनेजर मटकन खुर्चीत बसले.  थोरलीविरुद्ध कोणी ब्र काढला तर भांडायला उठणारा हा माणूस. त्याने तिच्या आयुष्यातलं एकमेव श्रेय तिच्याकडून काढून दुसऱ्याला देऊन टाकलं होतं, आणि तेही तिची मुदत संपता संपता!

दुसऱ्या दिवशी ट्रेलर आला. थोरली वर चढवताना दामूबाब ट्रेलरवाल्याला "सावकास, सावकास" म्हणत होते. ती दिसेनाशी झाल्यावर आम्ही बाहेरच्या गाड्यावर चहाला गेलो. मी तेव्हा सरळच विचारलं, "दामूबाब, का केलंत असं?"

त्यांनी पाव चहात बुडवला. "पूत म्हजो इंग्लंडाक आसा, तुका खबर आसा."

ते ठाऊक होतं. बायको गेल्यापासून सर्वणच्या घरात ते एकटेच.

"फाटल्या म्हयन्यांत फोन आयलो. म्हणटा, पप्पा, तूं सदांच त्या गाडयेची वाखाणणी करता, पयशे धाडटां, तीच गाडी तूं घे. आरामांत भोंव." ते हसले. "हांवें म्हळें, पुता, गाडी म्हजेकडेन सगळ्यो आसात. हांव गाडयोच विकतां. म्हाका चलोवपी जाय."

"चालवणारा हवा, असं म्हणालात? मग तो काय म्हणाला?"

"म्हणटा, ड्रायव्हराचेय पयशे धाडटां."

  दामूबाबांनी पाव संपवला, हात झटकले आणि शर्टावर पडलेले कण नीट टिपून काढले.

त्यानंतरच्या रविवारी ते शोरूमच्या रिकाम्या कोपऱ्यात उभे राहून बाहेर बघत होते. अचानक त्यांनी मला हाक मारली. हायवेवरून कामतांची उंच गाडी जात होती, सगळ्यांच्या मागून, अगदी सावकाश. चालवत होते स्वतः कामत. मागच्या काचेला टेकलेलं आप्पांचं पांढरं डोकं खड्ड्यागणिक डुलत होतं.

दामूबाबांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिलं.

"गाडी हालता गो," ते तुच्छतेने म्हणाले. "कितली हालता, पळय." मग गाडी वळणाआड गेल्यावर नाक ओढून, हळूच म्हणाले, "पूण म्हातारो न्हिदला."