वस्तुम्हीची शिंगे

सासरे सकाळपासून चौथ्यांदा मेले आणि जेवण झाल्यावर त्यांनी बॅग भरायला घेतली.

त्यांना मारणारा लेखक-जावई तेव्हा आतल्या खोलीत एका विषारी दलदलीचा नकाशा काढत बसला होता. बायको आत आली आणि तिने दार लावून घेतले. ती दार लावते तेव्हा विषय गंभीर असतो, हे लेखकाला अनुभवाने ठाऊक होते.

"तू माझ्या बाबांना 'मेलास' म्हणालास?"

"मी? काहीतरीच काय! कधी?"

"मग हे काय आहे?" तिने कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे आपटला. वरच्याच पानावर लिहिले होते : 'तू मूर्खासारखा पाण्यात उतरलास. मगर भुकेली होती. तू मेलास. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कर.'

"अगं, हे मी वाचकाला म्हटलंय."

"आणि वाचत कोण होतं?"

लेखकाने दलदलीच्या नकाशाची घडी घातली.

या लेखकाने आयुष्याची उमेदीची वर्षे जाडजूड अद्भुत कादंबऱ्या लिहिण्यात घालवली होती. प्रत्येक कादंबरीत पुढे नकाशा, मागे राजघराण्यांच्या वंशावळी आणि त्याच्याही मागे राक्षसांच्या भाषेचा शब्दकोश. या पुस्तकांत पात्रे फार आणि वाचक कमी अशी परिस्थिती होती. शेवटी प्रकाशकबाई म्हणाल्या, "लेखक, तुमच्या पुस्तकात शिरलेला माणूस बाहेर येत नाही. तर मग आपण त्याचाच खेळ करू या ना." तेव्हापासून तो खेळपुस्तके लिहू लागला. यात वाचक स्वतःच नायक. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी त्याला विचारायचे, पुलावरून जातोस की पाण्यातून? पुलावरून जाणार असशील तर अमुक परिच्छेद काढ, पाण्यातून जाणार असशील तर तमुक. चुकीची वाट धरली की मरण. पोरांना ही पुस्तके फार आवडली. मरायला मिळते म्हणून आवडली, असे प्रकाशकबाईंचे मत होते.

आता पोरांना 'तू' म्हणायला कोणाची हरकत असणार? पण सासरे एका मोठ्या कार्यालयातून मुख्य साहेब म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर ते दोन खोल्यांत एकटेच राहत. लेकीने वर्षभर मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे ते "बघू, करमलं तर राहीन" म्हणून आले होते. त्यांना करमावे म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. बाबा, तुम्ही उठू नका. बाबा, तुम्ही राहू द्या, मी करते. आणि आज सकाळी बाबा खिडकीपाशी बसून "मेलो! परत मेलो!" असे पुटपुटताना तिला दिसले. जावयाच्या टेबलावरचा गठ्ठा त्यांनी कधी उचलला कोण जाणे. तिने वाचून पाहिले आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. गठ्ठा तिने तिथल्या तिथे काढून घेतला.

"आणि आता ते संध्याकाळच्या बसने जातो म्हणतायत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "परत त्या रिकाम्या घरात. काहीही कर, पण त्यांना थांबव."

"मी माफी मागतो."

"माफी मागून काय होणार? पुस्तकात तर तसंच राहणार ना! ते बदल आधी. नीट मानाने लिही," म्हणून तिने गठ्ठा परत उचलून नेला.

बदलायला किती वेळ लागतो! लेखकाने संगणकाला हुकूम दिला : जिथे 'तू' असेल तिथे 'तुम्ही' घाल. 'तुला', 'तुझे' यांचीही त्याने तशीच सोय लावली. मग क्रियापदे राहिली. त्यांवरही त्याला युक्ती सुचली : जिथे 'लास' असेल तिथे 'लात' कर. 'उतरलास'चे 'उतरलात', 'पडलास'चे 'पडलात'. 'मेलात' मात्र त्यालाच बरे वाटेना, म्हणून तिथे 'वारलात' केले. संगणकाने हजारो बदल चुटकीसरशी केले. लेखकाने मूळ प्रतीवरच ते जतन केले, बंद केले आणि एवढ्या सोप्या कामाला आपण उगाच घाबरलो असे मनाशी म्हटले.

तेवढ्यात प्रकाशकबाईंचा फोन आला. "लेखक, पुस्तक पाठवताय ना? चित्रकार खोळंबलाय, छपाई खोळंबलीय, मी तर केव्हाची खोळंबलेय." लेखकाने तेच पुस्तक तिकडे पाठवले. एक प्रत छापून बायकोच्या हातात दिली. ती लगबगीने बाबांच्या खोलीत देऊन आली आणि दाराबाहेर कान देऊन उभी राहिली. आतून पाने उलटल्याचा आवाज आला. मग बॅगेची चेन ओढल्याचा आला.

पुढचा फोन आला तेव्हा प्रकाशकबाई भलत्याच खुशीत होत्या.

"लेखक, ही वस्तुम्ही कोण हो?"

"कोण?"

"वस्तुम्ही. चित्रकार विचारतोय, तिला शिंगं दाखवायची का? मी म्हटलं, दाखव. आणि ती सेतुम्ही तिची बहीण ना? दोघींना त्याने जुळ्या केल्यात."

लेखकाने घाईघाईने पुस्तक उघडले. 'तुम्ही गुहेतुम्हीन बाहेर पडलात. समोर सेतुम्ही आहे. सेतुम्हीवर एक जादूची वस्तुम्ही चमकते आहे. तुम्हीर्त तिला हात लावू नका.' पुढे तर एका साधूने नायकाला 'दिलाता' दिला होता आणि एका चेटकिणीने त्याच्यापुढे विषाचा 'ग्लात' ठेवला होता.

"बाई, ते चुकून गेलंय! छापू नका!"

"चुकून? मला वाटलं, ही तुमची राक्षसांची भाषा. किती दिवसांनी वाचायला गोडी वाटली होती!"

"दुसरं पाठवतो. लगेच."

आता काय करायचे? लेखक थंड डोक्याचा असता तर त्याने जरा विचार केला असता. त्याने तोच हुकूम उलटा दिला. 'तुम्ही'चे 'तू' कर आणि 'लात'चे 'लास'. वस्तू, सेतू आणि गुहा एका क्षणात ठिकाणावर आल्या. पण पुस्तकात जी माणसे पहिल्यापासून एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होती, त्यांचीही अदब त्यासरशी गेली. प्रधान भर दरबारात म्हणू लागला, 'महाराणी, तू शांतपणे बसा.' नायक 'जंगलात' शिरायचा तो 'जंगलास' शिरला आणि तिथे एका राक्षसाने त्याला जोरात 'लास' मारली.

नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन आत आली. तिची नजर पडद्यावर गेली.

"परत 'तू'? बाबा तिकडे बॅग घेऊन बसलेत आणि तू पुन्हा तेच?"

"अगं, ऐकून तर घे. 'तुम्ही' केलं की वस्तूला शिंगं फुटतात!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ठिकाणावर काहीच नाहीये. तूच सांग, तू असतीस तर—"

"तू-तू मी-मी नंतर करा," दारातून आवाज आला.

सासरे उभे होते. अंगात बाहेर जायचे कपडे आणि हातात नवी, मानाची प्रत.

"जावईबापू, हे काय करून ठेवलंत? 'तुम्ही वारलात.' मी काय वर्तमानपत्रातली बातमी आहे?"

"चूक झाली, बाबा. आधी भलतंच लिहिलं होतं. तुमचा अपमान झाला, म्हणून मी सगळं..."

"अपमान कोणी म्हटलं?"

लेखकाने बायकोकडे पाहिले. बायकोने बाबांकडे पाहिले.

"मग बॅग का भरलीत?" तिने विचारले.

सासरे खुर्चीत बसले. थोडा वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"आलो तेव्हापासून तुझं चाललंय, बाबा बसा, बाबा राहू द्या. पाणीसुद्धा हातात. बसून बसून मी कंटाळलो गं. त्या कागदांत मला कोणीतरी म्हणालं, 'ऊठ. तलवार घे. उजवीकडे जातोस की डावीकडे?' मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! चूक केली की तोंडावर सांगतंय, मूर्खपणा केलास म्हणून. मला 'तू' म्हणणारी शेवटची माझी थोरली बहीण. ती गेली, त्याला किती वर्षं झाली. ऑफिसात सगळे साहेब साहेब करायचे. तुझी आईसुद्धा जन्मभर 'अहो' म्हणाली." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि ऐन रंगात आलो होतो तर तू ते हातातून काढून घेतलंस. मग इथे बसून मी करू काय?"

बायकोने पदराने डोळे पुसले. मग ती गेली आणि कपाटात साड्यांच्या खाली लपवलेला पहिला गठ्ठा घेऊन आली.

तो गठ्ठा पाहून लेखकाला रडूच यायचे बाकी राहिले होते. पुस्तकाची धड प्रत आता जगात तेवढीच होती. त्याने प्रकाशकबाईंना फोन केला. "उद्यावर ढकलते," त्या म्हणाल्या. "पण वस्तुम्हीचं चित्र रंगवून झालंय. झकास जमलीय. तिला आता कुठंतरी जागा कराच." लेखकाने मुकाट्याने तिला दलदलीत एक झोपडी बांधून दिली.

मग दोघे कामाला बसले. सासऱ्यांनी गठ्ठ्यातून मोठ्याने वाचायचे आणि लेखकाने संगणकावर दुरुस्त करायचे असे ठरले. पहिल्या परिच्छेदापासून ओळीने जाऊ, असे लेखकाचे म्हणणे होते. सासऱ्यांनी ते धुडकावून लावले.

"मी माझ्या वाटेने जाणार. राहिलेलं मागाहून बघू."

संध्याकाळची बस केव्हाच सुटून गेली. दोघांच्याही ते लक्षात आले नाही. सासरे वाचत होते, खोळंबत होते, स्वतःशीच वाद घालत होते. लेखकाची बोटे चालली होती.

"पुलावर पहारेकरी आहे. मी पाण्यात उतरतो," सासरे म्हणाले.

"अरे, मगर आहे म्हणून आधीच सांगितलंय ना?" लेखक पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "मग परत उतरलास कशाला?"

दारात उभी असलेली बायको जागच्या जागी थिजली. आपण काय बोललो ते लेखकाच्या ध्यानात आले आणि त्याचे कान लाल झाले.

सासऱ्यांनी पान खाली ठेवले.

"वाटलं, झोपली असेल मगर," ते पडेल आवाजात म्हणाले. "मग आता मी मेलो का?"

लेखकाने एकवार बायकोकडे पाहिले, एकवार सासऱ्यांकडे पाहिले.

"मेलास," तो म्हणाला.

"हात्तिच्या!" म्हणत सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हसत हसत पहिला परिच्छेद काढला.