घड्याळवाल्या मावशीसाहेबांची पडदा-मोहीम

लिहिण्यास कारण ऐसे जे, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या, वजा नऊ नंबरच्या चष्म्याच्या धनी, मावशीसाहेब यांणी नेत्रयंत्रासी झुंज देऊन आपले दुकान कैसे राखिले, ते साद्यंत येणेप्रमाणे.

मावशीसाहेब नवा चष्मा करावा म्हणोन दवाखान्यात दाखल जाहल्या. तेथे यंत्र ठाणे देऊन बसले होते. डोळ्यामागील पडद्याची जाडी मोजावी, आणि पोटातील निरोगी डोळ्यांच्या दप्तराशी ताडून ठीक तो हिरवा, पातळ तो लाल, ऐसा निवाडा करावा, हा त्याचा दस्तूर. मावशीसाहेबांनी हनुवटी टेकविली, पापणी लवू दिली नाही, आणि मग कागद निघाला तो लालभडक. डॉक्टरसाहेबांनी फर्माविले की काचबिंदूचा संशय आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा रुजू व्हावे.

हे वर्तमान कळताच धाकटे बंधू हातघाईवर आले. त्यांणी मसलत न करिता दुकानास मोबाइलची कव्हरे विकणारा भाडेकरू नामजाद केला, आणि ताईने आता घरी स्वस्थ बसावे ऐसा हुकूम काढिला. मावशीसाहेब फार रडल्या. चाळीस वर्षांचे दुकान, ते का प्लास्टिकच्या कव्हरांस द्यावे? मग नाक पुसून, डोळ्यास भिंग लावून तो कागद वाचू लागल्या.

आता मावशीसाहेबांचा रिवाज ऐसा की गिऱ्हाईक घड्याळ मागे पडते म्हणाले, तर आधी पुसावे, कशावरून लावलंत? तोच सवाल त्यांणी दवाखान्यात यंत्र चालविणाऱ्या ताईस जाऊन केला, "अगं, माझा डोळा तुम्ही कशावरून लावलात?"

ताई गडबडली. पुस्तिका धुंडाळिली, तो काय! वय, मुलूख, चष्म्याचा नंबर, यांप्रमाणे माणसामाणसांचे पडदे कमीजास्त जाड असतात, आणि यंत्राच्या दप्तरी वजा सहापलीकडील एकही असामी नाही.

मग मावशीसाहेबांनी फौज जमविली. थोरली बहीण, दोघी भाच्या, आणि "मला काय धाड भरलीय?" म्हणत कुरकुरणारे खासे बंधू, सर्व जाड भिंगांचे सरदार, एका रांगेने यंत्रापुढे उभे राहिले. एकामागून एक कागद निघाले, सारे लाल, आणि बंधूंचा सर्वांहून लाल. बंधू आपला कागद उलटासुलटा करून पाहू लागले. मावशीसाहेबांस हसू आवरेना.

तरी डॉक्टरसाहेब सावध. त्यांणी दिव्यांच्या ठिपक्यांची परीक्षा घेतली. ठिपका दिसताच मावशीसाहेबांनी बटण दाबावे, आणि एकही निसटू दिला नाही. डोळ्यांचा दाबही ठीक भरला. तेव्हा निकाल जाहला की रोग दिसत नाही, पडदे घराण्याचेच पातळ, सहा महिन्यांनी यांच्याच जुन्या कागदाशी ताडून पहावे. बंधूंनी तेथूनच फोन करून भाडेकरूस वाटेस लाविले.

फत्ते जाहली. परंतु मावशीसाहेब निघेनात. दवाखान्याच्या भिंतीवरील घड्याळ सात मिनिटे पुढे होते, आणि डॉक्टर, ताई, बंधू, कोणासही ते दिसले नव्हते. मावशीसाहेब स्टुलावर चढल्या आणि काटे जागेवर आणून उतरल्या, ही गोष्ट दप्तरी नोंदविली असे.