मागच्या सीटवरचा अबोला

सस्काटूनहून रेजायना अडीचशे किलोमीटर. रस्ता इतका सरळ की स्टिअरिंग धरायचं ते केवळ रीत म्हणून. तरीही उन्मेषने आईला या प्रवासासाठी अट घातली होती. उल्काताई पंचाहत्तरीच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी गॅरेजचं दार उघडायच्या आधीच गाडी मागे घेतली होती.

"आई, लास्ट चान्स. या ट्रिपमध्ये एवढीशी जरी गडबड झाली, तरी गाडी विकायची. नो आर्ग्युमेंट्स."

उल्काताईंनी मान हलवली होती. शहात्तर सालच्या बर्फात नवऱ्याने, राजनने, त्यांना गाडी शिकवली. तो गेल्यापासून ग्रोसरी, डॉक्टर, देऊळ, सगळं त्या एकट्या करत. गाडी गेली म्हणजे लेकाच्या सवडीची वाट बघत खिडकीशी बसायचं. 

सोबत जयंती होती, पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण. रेजायनाच्या सीनियर होममध्ये नुकत्याच राहायला गेलेल्या मैत्रिणीला, अरुणाला भेटायला दोघी निघाल्या होत्या. शहर मागे पडलं, कॅनोलाची पिवळी शेतं सुरू झाली, आणि विषय निघाला अरुणाच्या बेसमेंटमध्ये बसवलेल्या पहिल्या गणपतीचा. त्या वर्षी मोदक फुटले होते. जयंती म्हणाली, ते उल्काने वळलेले. उल्काताई म्हणाल्या, वळले मी, पण उकड तुझी होती. इतकी वर्षं दोघींनी हे पोटात ठेवलं होतं. ते बाहेर पडल्यावर जयंतीने गाडी कडेला घ्यायला लावली, मागच्या सीटवर जाऊन आडवी झाली, गोधडी डोक्यावरून ओढली आणि अबोला धरला.

जयंतीचा अबोला साधा नसे. त्र्याऐंशी साली तो अकरा दिवस टिकला होता. त्यामुळे वाटेत पेट्रोल भरायला थांबल्यावर उल्काताईंनी तिला हाक मारलीच नाही. टाकी भरली, आत जाऊन पैसे दिले, परत आल्या. काचेतून गोधडीचा उंचवटा दिसला. दार लावून त्या निघाल्या.

दहा किलोमीटर त्याही गप्प राहिल्या. मग शांतता खायला उठली, तसे त्यांनी दोन टोमणे मारून पाहिले. गोधडी ढिम्म. पुढे त्यांनी जयंतीच्या गुडघ्याची चौकशी केली. तेही वाया गेलं. चाळीसाव्या किलोमीटरला त्यांचा धीर सुटला आणि समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून त्यांनी कबूल केलं, की उकड चांगली होती, त्यांनीच पारी जाड ठेवली आणि सारण जास्त भरलं. अर्ध्या शतकाची कबुली देऊनही मागून साधा हुंकार आला नाही. उल्काताईंना हा कोडगेपणा वाटला.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर उन्मेषचा फोन आला. सगळं ओके ना, मावशी कशी आहे, असं विचारून तो म्हणाला, "मावशी, हाय."

उत्तर नाही.

"झोपली असेल रे," उल्काताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना त्र्याऐंशी साल आठवलं. जयंती त्यांच्याशी अकरा दिवस बोलली नव्हती, पण त्या अकराही दिवस न चुकता येऊन उन्मेषला न्हाऊ घालून गेली होती. ती उन्मेषला ओ देणार नाही, हे शक्यच नव्हतं.

फोन घाईने बंद करून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मागे हात घालून गोधडी ओढली. खाली अरुणासाठी केलेल्या चकल्यांचा डबा होता, थर्मास होता, आणि जयंतीची पर्स. पर्समध्ये तिचा फोन आणि मधुमेहाच्या गोळ्या.

त्या पैसे देत होत्या तेव्हा जयंती वॉशरूमला गेली असणार. अबोल्यात सांगून जायची पद्धत नसते.

पुढच्या क्रॉसिंगवरून त्यांनी गाडी वळवली. चाळीस किलोमीटर परत जाताना त्यांना जयंती कुठे कुठे दिसली म्हणून सांगावं. कधी चक्कर येऊन पडलेली, कधी कुणा अनोळखी ट्रकमध्ये चढताना, कधी पोलिसांना उल्काचं नाव आणि वय सांगताना. तिला तरी कुणाचा नंबर पाठ होता? नागपूरच्या माहेरचा एक, आणि ते घरही आता राहिलं नव्हतं. मध्येच उन्मेषचा फोन पुन्हा वाजला. आईची गाडी तो त्याच्या फोनवर नकाशात बघत असे. गाडी उलट्या दिशेला का चालली, एवढंच त्याला विचारायचं असणार. उल्काताईंनी तो वाजू दिला. आयुष्यात पहिल्यांदाच.

जयंती पेट्रोल पंपाच्या कॉफीच्या टेबलाशी बसली होती. समोर रिकामा कप. उल्काताई धापा टाकत आत शिरल्या. तिने वरपासून खालपर्यंत त्यांना न्याहाळलं.

"आलीस शेवटी मनवायला? तासभर गाडीत फुगून बसलीस ना?"

 उल्काताईंच्या हळूहळू लक्षात आलं, की हिला काहीच कळलेलं नाही. हिला वाटतंय, गाडी बाहेरच उभी होती.  आता फक्त तोंड मिटून ठेवायचं. "आले बाई," त्या म्हणाल्या. "चल."

तोच हातातला फोन तिसऱ्यांदा वाजला. जयंतीने हात पुढे केला. मावशीला फोन न देण्याचं कारण उल्काताईंना सापडलं नाही.

"अरे, मी अगदी छान," जयंती बोलू लागली. "कॉफी पितोय दोघी... हो, तासभर झाला. तुझ्या आईशी भांडले होते ना, मग इथेच ठाण मांडलं... उलटी कशी जाईल गाडी? समोर उभी आहे. हे बघ, तुझ्या अ‍ॅपचं काय ते तू बघ. आम्ही दोघी जागच्या हललेलो नाही."

 पलीकडून उन्मेष म्हणाला, "स्ट्रेंज. ओके. ड्राइव्ह सेफ."

दोघी बाहेर आल्या. उल्काताईंनी तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं. जयंतीने आतली विस्कटलेली गोधडी पाहिली, दार लावून टाकलं आणि वळसा घालून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"इथेच बसते आता," पट्टा लावता लावता ती म्हणाली. "म्हणजे मी नसले, तर तुला जरा लवकर कळेल."