दार पूर्वेला

वळवींना जेवायला बोलवायचं, तर चिठ्ठी लिहावी लागायची. तोंडी सांगितलं की म्हणणार, "लेखी द्या, ताई." एकदा वैतागून मी लिहिलं, 'पिठलं-भात आहे, यायचं तर या.' तर गृहस्थ आधी पोचपावती देऊन गेले, मग जेवायला आले!

जर्मनीत, येना शहरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. भिंगांच्या कारखान्यात नोकरी, गाव नंदुरबारकडचा एक पाडा. एकदा लिफ्ट बंद पडली. आम्ही सगळे मुकाट जिने चढत होतो. वळवींनी इमारतीच्या मालकांना पत्र टाकलं. जबाबदार कोण, त्याचं नाव काय, दुरुस्ती कधी? मग दुसरं पत्र, मग तिसरं. लिफ्ट झक्कत सुरू झाली. तेव्हापासून वळवी लिफ्टमध्ये दिसले की आमचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, जिन्याने जायचा.

"पिच्छा सोडायचा नाही, ताई. गेनाऊ!" गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', हे वळवींचं पालुपद.

खरा पिच्छा मात्र वेगळाच होता. पाड्यावर त्यांच्या आईच्या नावाने सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. कागदावर बांधूनही झालं होतं. आई अजून कुडाच्या झोपडीतच! माहितीचा अधिकार आला, तसे वळवी कंबर कसून उठले. मसुदा येनातून जायचा, अर्ज तिथला चुलतभाऊ टाकायचा. उत्तर आलं, 'घरकुल पूर्ण. लाभार्थी राहत आहे.' मी असते तर थयथयाट केला असता. यांनी अदबीने विचारलं, 'दार कोणत्या दिशेला आहे, एवढेच कळवावे.' चार टेबलं फिरून उत्तर आलं, 'पूर्वेला.'

"सापडले!" पत्र नाचवत वळवी आमच्याकडे आले. "आता लिहितो, ते दार आईला दाखवायला माणूस पाठवा."

आणि माणूस गेला की हो! मी विरजण मागायला वर गेले, तेव्हा वळवी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवून हसत सुटले.

"साहेब दुपारभर घर शोधत होता. दमला बिचारा. आईने पाणी दिलं. मग म्हणाली, घर सापडलं नाही ते लेखी द्या."

"दिलं?"

"सहीनिशी! आता बांधावंच लागेल."

हसता हसता माझं लक्ष जमिनीवर गेलं. निळी चिकटपट्टी लावून खोलीभर मोठा चौकोन आखला होता. पूर्वेला दाराएवढी जागा मोकळी. आत एका कोपऱ्यात घडी घातलेली नवी घोंगडी. वळवींची गादी मात्र पट्टीच्या बाहेर, भिंतीशी कशीबशी कोंबलेली.

"मंजूर मापाचं आहे," ते ओशाळून म्हणाले.

"अहो, आत एवढी जागा असताना असं अडचणीत का झोपता?"

"आईला अजून ताबा कुठे मिळालाय, ताई? ती आधी आत जाईल. मग मी."

खाली पाहिलं, तर माझा एक पाय पट्टीच्या आत होता. मी तो पटकन मागे घेतला.