झिपरू अस्वल लंगडी खेळू लागतं

मुलांनो, एका जंगलात झाडांपेक्षा पदव्या जास्त उगवू लागल्या, कारण तिथे एक विद्यापीठ निघालं होतं.

विद्यापीठाच्या वसतिगृहात झिपरू नावाचं अस्वल राहायचं. वर्गातून खानावळीत आणि खानावळीतून अंथरुणात, एवढंच त्याचं हिंडणं. जिना चढतानाही त्याला धाप लागायची.

कुलगुरू हत्तीसाहेबांना मुलांच्या तब्येतीची फार काळजी. त्यांनी मोठी व्यायामशाळा बांधली. कोणी फिरकेना. मग त्यांनी व्यायाम सक्तीचा केला. त्याच दिवशी सगळ्यांचे पाय मुरगळले. झिपरूचे तर चारही.

एका संध्याकाळी टिपरी ससुली त्याच्या दारात उभी राहिली.

"झिपऱ्या, लंगडीला एक गडी कमी पडतोय. चल."

"मला कुठे पळता येतंय गं?"

"नको पळूस. नुसता ये. तुझ्यावाचून डाव अडलाय."

आपल्यावाचून काही अडतं, हे झिपरूला नवीनच होतं. तो गेला. एका पायावर कशाबशा दोन-तीन उड्या मारल्या आणि धप्पकन आडवा झाला. सगळे हसले. तोही हसला, अगदी पोट धरून. हरणाने त्याच्या पाठीवरची माती झटकली. "उद्या ये हं नक्की."

दुसऱ्या दिवशी झिपरू सगळ्यांच्या आधी मैदानावर! पुढे तर त्याने त्या चपळ हरणालाच बाद केलं आणि आनंदाच्या भरात मैदानभर नाचला. धाप कधी गेली, त्याला कळलंही नाही.

कुलगुरूंना मात्र कळलं. "आपल्या व्यायामशाळेला यश आलं!" म्हणत त्यांनी मैदानावर मांडव घातला आणि झिपरूचा सत्कार ठेवला. तोही ऐन खेळायच्या वेळी. हार घालून झाल्यावर ते माईकपाशी आले.

"विद्यार्थिमित्रांनो, व्यायामाचे फायदे पुष्कळ आहेत. मी ते सगळे सांगणार आहे."

झिपरूने टिपरीकडे पाहिलं. टिपरीने नदीकडे पाहिलं.

दुसऱ्या फायद्याला पहिली रांग उठली. तिसऱ्याला मांडव रिकामा झाला. गळ्यातला हार उडवत झिपरू सर्वांत पुढे!

"अरे थांबा, पचनाचं राहिलंय!" ओरडत कुलगुरू मागे धावले. इतकं जोरात ते तरुणपणीही धावले नव्हते.

नदीकाठच्या वाळूत झिपरूने वळून पाहिलं. "सर, असं नाही चालत! लंगडी घालून पकडा!"

कुलगुरू थबकले. कोणी प्राध्यापक बघत नाही ना, याची त्यांनी खात्री केली.

आणि हळूच एक पाय उचलला.

तात्पर्य : विद्यार्थी पळत नसतील, तर त्यांना व्यायामाचं महत्त्व समजावून सांगावं. एकजात सगळे पळतात.