गावंडेकाका आणि डागी सूर

आमच्या कुकरची शिट्टी झाली की कंपाउंडच्या भिंतीवरून गावंडेकाकांचं डोकं वर येतं. डोक्यापाठोपाठ लॅपटॉप. "सुनबाई, शिट्टी डागी हाये. रबर बदला." एवढं माझ्या बायकोला सांगून डोकं आणि लॅपटॉप दोन्ही खाली जातात. डाळ शिजली की नाही, याच्याशी काकांना काही देणंघेणं नसतं.

हे आमचे अमरावतीचे शेजारी. जन्म गेला मोर्शीकडच्या संत्र्यांच्या व्यापारात. ट्रकभर माल नुसत्या नजरेनं छाटायचा, चांगला इकडे अन् डागी तिकडे. मग धंदा मुलाच्या हाती देऊन काका आमच्या कॉलनीत राहायला आले, आणि पुतण्यानं त्यांच्या लॅपटॉपवर वाद्यं सुरात लावायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पुतण्या नोकरीला पुण्याला निघून गेला. भोगतो आहोत आम्ही.

सॉफ्टवेअर तसं साधं आहे. त्याच्यासमोर आवाज करायचा, पडद्यावर काटा हलतो. सूर जागेवर असला तर हिरवं, जरा इकडेतिकडे सरकला की लाल. झालं! काकांना त्यांचं छाटणीचं काम परत मिळालं. फक्त संत्री बिचारी मुकाट्यानं छाटून घेतात, माणसं घेत नाहीत.

देवळातली घंटा तपासून झाली. डागी. आमच्या दारावरची बेल? "फेकून दे बापा." एका बारशाला गेले तर पाळण्याजवळ लॅपटॉप उघडून बाळाचं रडणं मोजलं आणि जाहीर केलं, "पोरगं सुरात हाये!" बाळाची आई हरखली. मग आजीनं पाळणा म्हटला आणि काटा लालच्या बाहेर यायला तयार होईना. काकांनी तेही जाहीर केलं. त्या दिवशी ते न जेवता घरी आले, आणि मला अजून कळत नाही की यात त्यांना नवल कसलं वाटलं.

भाजीवालीलाही सोडलं नाही. तिची हाळी ऐकून गेटवर गेले आणि म्हणाले, "बाई, मेथी म्हनतानी तुमचा सूर चढून राहिला."

"काका, मेथी घ्याची असन तं घ्या," ती म्हणाली, "नाही तं हा डबा उचला अन् घरात जा! सकाळपासून मी घसा फोडून राहिली, अन् हे मले गानं शिकवून राहिले!"

काकांनी दोन जुड्या घेतल्या. भाव केला नाही.

कॉलनीतल्या महिला भजन मंडळात मी तबला वाजवतो. दुसरं कोणी मिळत नाही म्हणून मी. मंडळात पुढे बसून गातात त्या कुसुमकाकू, म्हणजे गावंडेकाकांच्या सौभाग्यवती. पेटीची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून त्या गातात. चांगली उंच पट्टी आहे ती, भल्याभल्यांना झेपत नाही. "मी काळी पाचच्या खाली उतरत नसते," असं काकू सांगायच्या, तेव्हा एखादी बाई आपल्या माहेरच्या शेतीबद्दल सांगते आहे असं वाटायचं.

मागच्या वर्षी काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज खाली बसला. काळी पाचवर चढायला गेल्या की फाटायचा. बायकांची कुजबुज सुरू झाली. पेटी वाजवणाऱ्या रेखाताई भल्या मनानं म्हणाल्या, "काकू, आपन जराशी खालची पट्टी धरून पाहू." काकूंनी टाळ खाली ठेवले, चपला घातल्या आणि निघून गेल्या. पुढे कोणाला बसवायचं, याची चर्चा त्याच संध्याकाळी चहाबरोबर झाली.

दुसऱ्या दिवशी काका देवळातून मंडळाची पेटी उचलून घरी घेऊन गेले. "सगळे सूर डागी हायेत. कॉम्प्युटरवर लावून देतो." आम्ही मनात म्हटलं, वा रे नवरा! बायकोचा गळा गेला अन् हा पेटी लावत बसला. बरेच दिवस त्यांच्या घरातून कानशीचं खर्रखर्र ऐकू यायचं. पेटी परत आली, काकाच काकूंना समजावून मंडळात घेऊन आले, आणि काय सांगू, काकूंनी काळी पाच धरली अन् सरळ गायल्या! बायकांनी देवाला नारळ फोडला.

माझा तबला मात्र तेव्हापासून त्या पेटीशी जुळवायला ढिला करावा लागायचा. "चामडं म्हातारं झालं बापा," काका म्हणाले. मी बावळटानं तबल्याला नवीन पुडी घालून आणली. तीही ढिलीच लावावी लागली.

मग अकोल्याचं बोलावणं आलं. काकूंचं माहेर अकोल्याचं, तिथल्या देवळात दोन्ही गावांच्या मंडळांची भजनं. समोर काकूंचे भाऊ, भावजया, सगळा गोतावळा. पहिलं भजन दोन्ही मंडळांनी मिळून म्हणायचं ठरलं आणि दोन्ही पेट्या एकदम वाजल्या. अरे देवा! ऐकणाऱ्यांनी दात आवळले.

तिकडे पेटीवर एक रिटायर संगीत शिक्षक होते. ते म्हणाले, "तुमची पेटी उतरली आहे."

"तुमची चढली हाये," काका म्हणाले.

"मग बघू की. तुमच्याजवळ ते कॉम्प्युटर आहे ना?"

काकांच्या काखेत ते नेहमीच असतं. नाइलाजानं उघडलं. अकोल्याची पेटी, हिरवं. आमची पेटी, लाल. दुसरी पट्टी, लाल. तिसरी, लाल. एकाही पट्टीवर नेमकी बसत नव्हती, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी लोंबकळत होती. तबला लावायची हातोडी माझ्या हातातच राहिली. पुडी का ढिली, ते मला तेव्हा कळलं.

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग समोर टाळ धरून बसलेल्या काकूंकडे पाहिलं. गळ्यावरची खूण झाकायला त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला होता.

"हे मशीन डागी हाये," काका मोठ्यानं म्हणाले आणि लॅपटॉप बंद केला.

सगळं देऊळ हसलं. आमच्याच मंडळातली एक बाई म्हणाली, "म्हंजे इतके दिवस आमाले उगाच सतावलं काय वो?" काकाही हसले. त्यांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

मी पटकन म्हणालो, "सर, आमच्या बायकांना आमच्याच पेटीची सवय आहे. आमचं आम्ही वेगळं गातो." सरांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि आपल्या पेटीचा भाता बंद केला. शहाणा माणूस. काकू गायल्या. त्यांचे थोरले भाऊ डोळे पुसत म्हणाले, "कुसुमचा आवाज तसाच हाये, बाप्पा."

परतीच्या गाडीत मी काकांच्या शेजारी जाऊन बसलो. बडनेरा जवळ आलं होतं. पुढच्या सीटवर काकू बायकांशी गप्पा मारत होत्या. मी कानाशी लागून विचारलं, "काका, पेटीतल्या सगळ्या पितळी पत्त्या घासून सूर खाली उतरवलेत ना तुम्ही?"

"हळू बोल." पुढच्या सीटकडे एकदा पाहून ते म्हणाले, "डॉक्टर म्हने बोलता येईन. गान्याचं त्यानं काही सांगतलं नाही. घरी आली तं गुनगुनेही नाही रे ते. भाजी निवडतानी नाही, देवाजवळ नाही. लगन झाल्यापासून असं घर मी ऐकलं नव्हतं. मंग म्हनलं, तिचा गळा काही वर येत नाही, आपन पेटी खाली नेऊ. एक-एक पत्ती घासत गेलो. जिथं तिचा गळा सुखानं बसला, तिथं थांबलो."

इतकी वर्षं या माणसाची मी चारचौघांत टवाळी करतो, आणि त्या क्षणी मला त्याचे पाय धरावेसे वाटले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "लॅपटॉप खराब नाही हे सांगू का लोकांना? फुकट हसले तुम्हाला."

"नोको, नोको!" त्यांनी माझा हात धरला. "आता पुतन्याले फोन करून ते सॉफ्टवेअरच काढून टाकतो. तुयी काकू रोज म्हनते, एकडाव मलेही बसवा तुमच्या मशीनसमोर, पाहू तं द्या माया सूर कसा लागते."